मागच्या दारावरचं काळं

(मे महिन्यातली दुपार, दोन वाजून गेलेले. रत्नागिरीत कुवारबावच्या रस्त्यालगत अनिलचं गाड्या धुण्याचं नि पॉलिशचं दुकान. बाळाकाकांना बसायला खुर्ची दिली आहे. ते बसलेले नाहीत.)

बाळा: ...ज्या वर्षी आमच्या लेकीचं, अक्षयाचं लग्न झालं ना, दोन हजार एकोणीस, त्याच वर्षी दसऱ्याला आमच्या शुभंकरने ही गाडी घेतलीन. पण तो बोटीवर, नि गाडी आमच्या आंब्याखाली कापड पांघरून. चालली किती? शेजारचा रघू आठवड्यातून एकदा सुरू करतो, तेवढंच. तेव्हा जुनी म्हणू नको तिला.

अनिल: मी जुनी म्हटलंच नाही, काका. मी विचारलं, ही घासली कोणी?

बाळा: धुतली रे जरा.

अनिल: धुतल्यावर असं होत नाही. इकडे या, उन्हात या. आता बॉनेटवर तिरपं बघा. दिसतंय? नुसती गोल गोल रेघोट्यांची जत्रा. गडद निळा रंग, त्यावर तर केसाएवढी रेघसुद्धा दिसते. काथ्याने घासलीत?

बाळा: काथ्याने कशाला घासीन? मला काय अक्कल नाही?

अनिल: मग कशाने?

बाळा: मातीने.

अनिल: कशाने?

बाळा: मातीने, मातीने! शाडूच्या. कान धू जरा, गाड्या धुतोस त्यापेक्षा.

अनिल: काका, तुम्ही गणपती करता. ही गाडी आहे.

बाळा: हसू नको. फोनवर बघितलं मी. एक माणूस गाडीवर पाणी मारतो, हातात गोळा घेतो नि फिरवतो. गोळ्याला सगळी घाण चिकटून येते, खालचा पत्रा आरशासारखा. नि सारखा म्हणतो, क्ले, क्ले. क्ले म्हणजे माती, एवढं कळतं मला. दरवर्षी आमच्या गणपतीच्या शाळेत ती कॉलेजची मुलं येतात, शाडूला हात लावून क्लेच म्हणतात. पन्नास वर्षं माझे हात त्या क्लेत आहेत. म्हटलं, एवढंच ना? हे तर आपलंच काम.

अनिल: आई शपथ. अहो, पंधरा वर्षं मी या धंद्यात आहे. कोणी राखेने घासलीय, कोणी भांड्यांच्या साबणाने. एका मास्तरांनी तर टूथपेस्ट लावली होती. पण शाडू...

बाळा: मलमलीतून गाळलेला होता. गेल्या साली उरलेला, ओल्या गोणपाटात ठेवलेला. लोण्यासारखा.

अनिल: तुमच्या बोटाला लोण्यासारखा. गाडीच्या रंगाला नाही. हा घ्या, हातात घ्या. हा तो क्ले.

बाळा: हा?

अनिल: मळून बघा.

बाळा: ही माती नव्हेच. रबराची कणीक आहे ही. वासही तसाच. ह्यात कच म्हणून नाही.

अनिल: तेच तर. नाव तेवढं मातीचं.

बाळा: मग मातीचं नाव कशाला लावतात मेले? माणूस फसतो.

अनिल: कंपनीला काय ठाऊक, रत्नागिरीत कोणी गणपतीवाला बघत बसलाय म्हणून. बरं, घाबरू नका. बॉनेट नि पुढचं दार, एवढंच घासलंत ना? निघेल. पण आधी धुवायची, मग सगळी क्ले करायची, मग मशीनने पॉलिश. परवा संध्याकाळी न्या.

बाळा: परवा नाही. आज. शुभंकर आज येतोय. तीनची गाडी आहे त्याची. घरी पोचेल, चहा घेईल नि आधी कापड उचलून गाडी बघेल. उद्या चिपळूणची माणसं यायची आहेत.

अनिल: कोण, मुलीकडची?

बाळा: हो. मृणाली नाव मुलीचं. पसंती झालेलीच आहे, आता घर बघायला येतायत.

अनिल: वा! मग गाडी चकचकीत हवीच. पण काका, चारच्या आत रेघा नाही जायच्या. मशीनला वेळ द्यावा लागतो, नाहीतर रंगच उडेल.

बाळा: रेघा राहूदेत.

अनिल: राहूदेत?

बाळा: रेघांचं मी सांगेन त्याला. म्हणेन, म्हातारा चुकला. हसेल तो, चार दिवस चिडवील. मला तू एकच कर. मागच्या दारावरचं ते काळं तेवढं घालवून दे. डाव्या बाजूचं, हँडलच्या वर. तो यायच्या आत गेलं पाहिजे.

अनिल: ते?

बाळा: तेच.

अनिल: ते नको, काका.

बाळा: का? निघत नाही?

अनिल: निघेल. पण त्याला मी हात नाही लावणार.

बाळा: मी सांगतोय ना तुला.

अनिल: तुम्ही सांगताय, पण गाडी शुभ्याची. मागे काकी गेल्यावर तो आला ना, तेव्हा गाडी माझ्याकडेच धुवायला आणली होती. मी म्हटलं, हे दारावर काय, काढतो. तर माझा हात धरला त्याने. म्हणाला, अन्या, सगळी धू, हे दार सोड. नि तिथेच बसला, त्या टायरवर. शाळेपासून ओळखतो मी त्याला, तसा कधी बघितला नव्हता.

बाळा: काय म्हणाला?

अनिल: तुम्हाला माहितीये.

बाळा: तुझ्या तोंडून ऐकू दे.

अनिल: म्हणाला, माझे बाबा गणपतीच्या डोळ्यांच्या आखणीला बसले की घर पेटलं तरी उठत नाहीत. लहानपणी मी आंब्यावरून पडलो, हात मोडला, तरी डोळा पुरा करूनच आले. पण आईने हाक मारली तेव्हा अर्धा डोळा टाकून धावले. हाताचा रंग पुसायलासुद्धा थांबले नाहीत, तशाच हाताने गाडीचं दार उघडलं. ही बघ त्यांची बोटं. असं म्हणाला.

बाळा: हं.

अनिल: म्हणून म्हणतो, ते राहूदे. कोणी सोन्याने मढवून ठेवील असली खूण.

बाळा: बोटं कोणाची आहेत?

अनिल: तुमची.

बाळा: मग मला नकोयत ती. माझी बोटं, मला नकोत. ह्यात तुझं नि त्याचं काय?

अनिल: काका, काय झालंय? पाणी देऊ? बसा तरी.

बाळा: बसायचं नाही मला. उद्या ती चिपळूणची माणसं येतील. तो त्यांना अंगणात नेईल, कापड उचलील नि हेच सांगेल. तो सगळ्यांना सांगतो. गेल्या वेळी पोस्टमनला सांगितलंन. मी ओटीवर बसून ऐकतो, नि लोक माझ्याकडे बघतात. दर वेळी. उद्या त्या मुलीचा बाप माझ्याकडे बघेल, नमस्कार करील. त्याआधी जाऊ दे ते.

अनिल: लाज कसली वाटते त्यात? बरं, असं करू. मी शुभ्याला फोन लावतो. तो हो म्हणाला की लगेच...

बाळा: फोन नको लावू!

अनिल: बरं, बरं. नाही लावत. आधी गाडी धुऊन तर घेऊ. मग बघू. सरका, पाणी उडेल.

बाळा: उडू दे.

अनिल: ...आता बघा, धुतली. स्वच्छ दिसते की नाही?

बाळा: दिसते.

अनिल: ही पिशवी घ्या. साधी प्लास्टिकची. हात आत घाला नि छपरावरनं फिरवा. हलकेच.

बाळा: अरे!

अनिल: काय लागतं?

बाळा: रवा. बारीक रवा सांडलाय नुसता. उघड्या हाताला लागत नव्हता.

अनिल: पिशवीतून बोट फसत नाही. खाऱ्या हवेचं मीठ, जांभ्याची धूळ, आंब्याचा चीक, असलं सगळं रंगात रुतून बसतं. पाण्याने जात नाही. आता इथे हे साबणाचं पाणी फवारायचं, भरपूर. कोरडं कधी घासायचं नाही. क्ले चपटा करून दोन बोटांखाली धरायचा. नि सरळ रेषेत, पुढे-मागे. गोल नाही. दाबायचं नाही.

बाळा: दाबलं की डोळा बिघडतो.

अनिल: काय?

बाळा: आखणीत. ब्रश टेकवायचा नाही, नुसता न्यायचा. श्वास सोडताना. दाबलं की गणपती रागावलेला दिसतो.

अनिल: बघा, म्हणजे हे तुम्हाला जमेल. आवाज ऐका. आधी खरखर येते. घाण निघाली की आवाज बंद होतो. हा बघा गोळा. पांढरा होता, कसा झाला? आता हा दुमडायचा, मळायचा, नवी बाजू बाहेर काढायची.

बाळा: घाण कुठे गेली मग?

अनिल: आत.

बाळा: आतच राहते?

अनिल: आतच. पूर्ण काळा झाला की फेकायचा. नि खाली पडला तर तसाच टाकून द्यायचा, परत उचलायचा नाही. एक खडा चिकटला की गाडीभर ओरखडे.

बाळा: दे इकडे. करतो मी. हात शिवशिवतात.

अनिल: करा, करा. छपराची ही बाजू घ्या. वा! काका, माझ्याकडे कामाला या. एवढा हलका हात माझासुद्धा... थांबा हं, फोन वाजतोय. बोला साहेब. हो, झाली तुमची गाडी. नाही हो, डाग नाही राहिला. एक मिनिट, इथे आवाज येत नाही, बाहेर जातो...

बाळा: जा तू. सावकाश बोल.

अनिल: ...काय माणसं असतात! पावती शोधायला लावली. झालं का छप्पर? काका? अहो काका, कुठे आहात? इकडे काय करताय? काका!

बाळा: ओरडू नको.

अनिल: काय केलंत हे?

बाळा: गेलं.

अनिल: अहो, मी सांगत होतो ना!

बाळा: अंगठा आधी गेला. मग एकेक बोट. करंगळीला वेळ लागला.

अनिल: ऑइलपेंट आहे तो. पावणेदोन वर्षं उन्हात भाजलेला. असा हाताने निघणं शक्य नाही.

बाळा: त्या वर्षी शुभंकर बोटीवर जाताना तूच मेण लावून दिलं होतंस गाडीला. त्याच्यावर बसला होता रंग. धरून नव्हताच तो. कोणी काढला नाही, म्हणून राहिला होता.

अनिल: आता मी शुभ्याला काय सांगू? दोन पावलांवर होतो मी, फोनवर.

बाळा: तू काही सांगू नको. पिशवी दे. हात फिरवून बघतो.

अनिल: बघा. काय बघायचं ते बघा आता.

बाळा: गुळगुळीत. काही नाही लागत. कधी काही नव्हतंच असं.

अनिल: तो गोळा द्या. फेकून देतो.

बाळा: राहू दे माझ्याकडे.

शुभंकर: अन्या! अरे दुकान आहे की धर्मशाळा? बाहेर कोणी नाही, आत कोणी नाही!

अनिल: मेलो. काका, आला.

शुभंकर: बाबा! अहो तुम्ही इथे? मी स्टेशनवर उतरलो, रघूकाकाला फोन केला, तर म्हणतो गाडी अनिलकडे सोडलीय, बाबाही तिकडेच. म्हटलं चला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. नमस्कार करतो. हात ओले कशाने?

बाळा: पाण्याने. सुखरूप आलास ना? वाळलास.

शुभंकर: दर वेळी वाळतो मी तुमच्या हिशोबाने. वजन चार किलो वाढलंय. काय रे अन्या, तोंड असं का केलंस? मला बघून आनंद नाही झाला?

अनिल: झाला ना. ये, बस. काही नाही, काकांनी जरा... बॉनेट बघ.

शुभंकर: अरे देवा! हे काय? मांजरं भांडली का याच्यावर?

बाळा: शाडूने घासली मी.

शुभंकर: कशाने?

अनिल: फोनवर क्ले बघितला त्यांनी. क्ले म्हणजे माती म्हणून...

शुभंकर: शाडू लावला? गाडीला? बाबा! हे मी बोटीवर सांगणार. कॅप्टनला सांगणार. आमच्याकडे गंज काढायला माणसं ठेवलीयत, आता म्हणतो रत्नागिरीहून माझे वडील मागवा, गाळलेला शाडू घेऊन. अन्या, हस की रे! निघेल ना हे?

अनिल: निघेल, निघेल. परवापर्यंत.

शुभंकर: मग एवढं काय? बाबा, रागावलो नाही मी. गाडी पत्र्याची आहे. उद्या पाहुणे आले की अशीच दाखवतो. म्हणतो, ही बघा आमच्या बाबांची दोन कामं. पुढे शाडू, नि मागच्या दाराला... अन्या, इकडचं दार धुतलंस?

अनिल: शुभ्या, ऐक.

शुभंकर: हे डावंच दार ना? मागचं? मी चुकतोय का काही?

अनिल: चुकून झालं रे. मी क्ले फिरवत होतो, लक्ष नव्हतं. माझी चूक.

बाळा: खोटं बोलू नको माझ्यासाठी. एवढं पुरे झालं. मी काढलं ते.

शुभंकर: तुम्ही?

बाळा: ह्या हाताने. हा बघ गोळा. ह्यात आहे.

शुभंकर: का? शाडूचं मी समजू शकतो. पण हे का काढलंत, बाबा? तुम्हाला ठाऊक होतं मला ते हवंय. माझ्या फोनमध्ये फोटो आहे त्याचा. बोटीवर केबिनमध्ये एकटा असलो की बघतो मी तो.

बाळा: तसलं बघू नये.

शुभंकर: मग काय बघू? आई गेली तेव्हा मी आफ्रिकेच्या खाली होतो. यायला सोळा दिवस लागले. तेरावंही उरकलं होतं. मी तिला पोचवली नाही, खांदा दिला नाही, काहीच केलं नाही. मला एवढंच उरलं होतं की मी नव्हतो, पण माझा बाप होता. तिने हाक मारली नि तो उठला. आखणी अर्धी टाकून उठला. ती पाच बोटं बघितली की मला झोप लागायची. नि तुम्ही ती पुसलीत? साबणाच्या पाण्याने?

अनिल: शुभ्या, हळू. काकांना त्रास होतोय.

शुभंकर: मला नाही होत?

बाळा: त्या वर्षी किती गणपती होते?

शुभंकर: कशात काय काढताय तुम्ही?

बाळा: सांग. तू आलास तेव्हा वही काढून तूच हिशेब जुळवलास.

शुभंकर: चाळीस होते.

बाळा: गेले किती?

शुभंकर: चाळीसही गेले. चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत रघूकाकाने वाटले. त्याचं काय?

बाळा: त्यातल्या अकरांची आखणी राहिली होती. त्या दिवशी सकाळी तेच अकरा पुढ्यात घेऊन बसलो होतो. तुझी आई गेली, मला सुतक लागलं. दहा दिवस. चतुर्थी त्या दहा दिवसांतच आली. सुतकात मी मूर्तीला हात लावीन?

शुभंकर: नाही.

बाळा: रघूला आखणी येते?

शुभंकर: रघूकाकाला सरळ रेघ येत नाही.

बाळा: मग ते अकरा डोळे उघडून कसे गेले?

शुभंकर: दुसऱ्या कोणी केले असतील.

बाळा: कोणी? माझ्या गणपतीचा डोळा रत्नागिरीत दुसरं कोणी काढतं?

अनिल: काका...

बाळा: एवढा गाव आला त्या तेरा दिवसांत. सगळे मूर्तिकार येऊन गेले. कोणाच्या मनात हा हिशेब आला नाही. मी रोज वाट बघायचो, आज कोणीतरी विचारील. मग तू आलास, नि दारावरची बोटं बघून माझ्या गळ्यात पडलास.

शुभंकर: बाबा, तुम्ही काय सांगताय मला?

अनिल: मी बाहेर थांबतो.

बाळा: थांब इथेच. तुलाही खोटंच कळलंय. अर्धा डोळा मी कधी टाकला नाही, शुभंकर. त्या दिवशीही नाही.

शुभंकर: पण तिने हाक मारली होती. तुम्हीच सांगितलंत फोनवर. दीडला हाक मारली, तुम्ही धावलात, दोनला दवाखान्याच्या वाटेत तिने प्राण सोडला.

बाळा: हाक मारलीन. दीडला नाही. बाराच्याही आधी. मी तिसरा गणपती घेतला होता. घेतलेला गणपती पुरा झाल्याशिवाय उठायचं नाही, बोलायचं नाही, हे आमच्यात आजोबांपासून आहे. तिलाही ठाऊक होतं. म्हणून ती आखणीच्या दिवशी हाक मारायची नाही.

शुभंकर: तरी मारली.

बाळा: तरी मारलीन. मला वाटलं, पेज हवी असेल. आठवडाभर अंगात कणकण होती तिच्या, पडून होती. म्हटलं, हा झाला की उठतो. झाला तो.

शुभंकर: मग?

बाळा: मग उठता आलं असतं. नियम एका मूर्तीपुरता आहे. दोन डोळे झाले की माणूस मोकळा. पाणी पी, पाय मोकळे कर, बायकोने काय हाक मारली ते विचार. कोणी अडवलं नव्हतं मला. पण हात लागला होता. असा हात वर्षातून एखाद्या दिवशी लागतो. रेघ आपोआप जाते. मी चौथा घेतला.

शुभंकर: बाबा, पुरे.

बाळा: चौथ्यात असताना दुसऱ्यांदा हाक मारलीन. नुसतं 'अहो' म्हणाली. मग आतून पितळेचा पेला पडल्याचा आवाज आला. गोल फिरत गेला बराच वेळ, नि थांबला. मी समोरच्या घड्याळात बघितलं. का बघितलं, ठाऊक नाही. नि चौथा पुरा केला. मग पाचवा घेतला.

अनिल: देवा.

बाळा: अकरा झाले तेव्हा दीड वाजला होता. आत गेलो. हात लावला. मला माती कळते, पोरा. ओली कुठली, वाळलेली कुठली, हे न बघता कळतं. तिला हात लावला नि कळलं.

शुभंकर: मग गाडी? गाडी कशाला काढलीत?

बाळा: लोकांनी विचारलं असतं, कधी गेली. मला सांगावं लागलं असतं, मी घरात होतो नि मला माहीत नाही. म्हणून रघूला हाक मारली. म्हटलं, शुद्ध हरपलीय, गाडी काढ. दोघांनी उचलून मागे ठेवली. दार मी उघडलं. हात पुसायला थांबलो नाही, हे खरं आहे. पण तो रंग अकराव्या गणपतीचा होता.

शुभंकर: रघूकाकाला ठाऊक आहे?

बाळा: उचलतानाच कळलं असणार त्याला. काही बोलला नाही. अजून बोलत नाही. दर आठवड्याला येतो, गाडी सुरू करतो, कापड घालून जातो.

अनिल: शुभ्या, बस खाली. बस. हे पाणी घे.

शुभंकर: पावणेदोन वर्षं. मी अक्षयाला सांगितलं, माझ्या सगळ्या बोटीला सांगितलं. मृणालीला पहिल्यांदा भेटलो तेव्हा तेच सांगितलं मी. म्हटलं, माझे वडील असे आहेत.

बाळा: म्हणून तर उद्याच्या आधी काढायचं होतं. वाटलं, खूण गेली की गोष्टही जाईल. तू दाखवणार काय, नि सांगणार काय? गुपचूप मिटलं असतं.

शुभंकर: मग मिटवायचं होतंत! गेली होती ना खूण? मी ओरडलो असतो, चार दिवस बोललो नसतो, संपलं असतं. आता कशाला सांगितलंत?

बाळा: तू म्हणालास, ती बोटं बघितली की झोप लागते.

शुभंकर: हो. म्हणालो.

बाळा: मी समजत होतो, तू ते लोकांना दाखवायला ठेवलंयस. बापाची मोठी गोष्ट म्हणून. त्याच्यावर डोकं ठेवून झोपतोस, हे मला माहीत नव्हतं.

अनिल: काका, तुम्ही आता घरी चला. मी सोडतो दोघांना. शुभ्या, चावी दे.

शुभंकर: थांब. बाबा, माझ्याकडे बघा. आम्ही वर्षश्राद्ध केलं. दवाखान्याचा कागद मी स्वतः नगरपालिकेत नेला. त्यावर दोनची वेळ आहे, नि ठिकाण, दवाखान्यात आणताना वाटेत. तेही खोटं?

बाळा: मी सांगितलं ते त्यांनी लिहिलं.

शुभंकर: मग एकदा नीट सांगा. कोणाला दाखवायला नाही. मला. आई कधी गेली?

बाळा: मंगळवार, बारा सप्टेंबर दोन हजार तेवीस. दुपारी सव्वाबाराला तुझी आई मैना गेली. घरात, मधल्या खोलीत. जवळ कोणी नव्हतं.